जेम्स स्मिथसन आणि त्यांच्या मृत्युपत्रातून उभी राहिलेली संस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘स्मिथसोनियन’ या अमेरिकेतल्या संग्रहालयांच्या आणि संशोधनाच्या संस्थेचं नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. वॉशिंग्टनला गेलेली माणसं तिथल्या संग्रहालयांचे फोटोही आणतात. पण हे सगळं ज्याच्या पैशांतून सुरू झालं, त्या माणसाबद्दल विचारलं की उत्तर येत नाही. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

स्मिथसन नेमके कोण?

इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ आणि खनिजशास्त्रज्ञ. जन्म पॅरिसचा, १७६५च्या सुमाराचा. मृत्यू इटलीतल्या जिनोआमध्ये, २७ जून १८२९ रोजी. लग्न केलं नाही, मूलबाळ नव्हतं. आयुष्याचा बराच काळ युरोपभर फिरण्यात, खाणींमध्ये उतरण्यात आणि खनिजांचे नमुने जमवण्यात गेला. अमेरिकेत त्यांनी जिवंतपणी एकदाही पाऊल ठेवलं नाही.

त्यांच्या सुरुवातीच्या लेखांवर ‘मेसी’ असं नाव का दिसतं?

कारण तेव्हा त्यांचं नाव तेच होतं. ते अनौरस पुत्र. वडील ह्यू स्मिथसन यांनी पर्सी या बड्या सरदार घराण्याच्या वारस मुलीशी लग्न केलं, १७५० मध्ये आपलं आडनाव टाकून पर्सी हे आडनाव घेतलं आणि पुढे ते नॉर्थम्बरलंडचे पहिले ड्यूक झाले. आई एलिझाबेथ मेसी ही श्रीमंत विधवा, ड्यूकच्या पत्नीच्याच नात्यातली. मुलाचा जन्म इंग्लंडपासून दूर, पॅरिसमध्ये झाला आणि त्याला आईच्या दिवंगत नवऱ्याचं आडनाव लागलं.

मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला ब्रिटिश नागरिकत्व मिळालं, पण अटी घालून. संसदेत बसायचं नाही, सरकारी पद घ्यायचं नाही, राजाकडून जमीन स्वीकारायची नाही. म्हणजे वडील देशातल्या सर्वांत मोठ्या सरदारांपैकी एक आणि मुलाला त्या जगाचे दरवाजे कायद्यानेच बंद.

१८०० मध्ये आई गेली. त्यानंतर त्यांनी रीतसर परवानगी काढून ‘स्मिथसन’ हे आडनाव लावलं. इथे जरा थांबून पाहा. हे आडनाव वडिलांनी मोठेपणासाठी टाकून दिलेलं होतं. मुलाने नेमकं तेच उचललं, आणि आज जगाला ठाऊक आहे ते तेच.

ते खरोखर शास्त्रज्ञ होते की पैसेवाले हौशी?

हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो, आणि दर वेळी मी तेवढ्याच कळकळीने सांगतो, की ते खरे शास्त्रज्ञ होते. त्या काळी विज्ञान करणारे बरेचसे लोक स्वतःच्याच पैशांवर करत. त्यामुळे ‘हौशी’ हा शब्द त्यांना लावायचा, तर त्या पिढीतल्या निम्म्या शास्त्रज्ञांना लावावा लागेल.

ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात त्यांचं शिक्षण झालं. १७८४ मध्ये, विद्यार्थी असतानाच, ते स्कॉटलंडच्या पश्चिमेला स्टाफा बेटापर्यंत गेलेल्या एका अभ्यास-सफरीत सामील झाले. बेसॉल्टच्या खांबांसाठी प्रसिद्ध असलेलं ते बेट पाहायला फ्रेंच भूवैज्ञानिक फोझा द सँ-फों निघाले होते. १७८७ मध्ये, पदवी घेऊन एक वर्ष होतं न होतं तोच, रॉयल सोसायटी या लंडनच्या नामांकित विज्ञानसंस्थेने त्यांना सदस्य करून घेतलं.

त्यांचा पहिला शोधनिबंध १७९१चा, आणि तो आपल्या ओळखीच्या पदार्थावर आहे. वंशलोचन! सितोपलादि चूर्णात पडतं तेच, बांबूच्या पेरात साठणारं पांढरट, निळसर झाक असलेलं द्रव्य. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक रसेल यांनी त्याचे नमुने भारतातून मिळवून रॉयल सोसायटीपुढे ठेवले होते. तरुण मेसींनी ते तपासायला घेतले. तुकडा पाण्यात टाकला की त्यातून बुडबुडे सुटतात, आणि मुळात दुधी दिसणारा तुकडा पाणी पिऊन हळूहळू पारदर्शक होत जातो, हे त्यांनी टिपून ठेवलं. मग आम्लं, अल्कली, उष्णता अशी एकेक परीक्षा. निष्कर्ष असा, की ज्या पदार्थाने वाळू आणि गारगोटी बनते, तोच सिलिका इथे एका वनस्पतीच्या पोटात तयार झाला आहे. दगडाचं द्रव्य झाडात सापडतं, ही गोष्ट तेव्हाच्या वाचकांना केवढी नवलाची वाटली असेल!

त्यांचं सर्वांत टिकलेलं काम जस्ताच्या खनिजांवरचं. जस्ताच्या खनिजाला खाणीतले लोक ‘कॅलामाइन’ म्हणत आणि पितळ बनवायला ते वापरत. पण या एका नावाखाली वेगवेगळी खनिजं मोडत होती. काही आम्लात फसफसत, काहींचं आम्लात जेलीसारखं लिबलिबीत काहीतरी होई. १८०२ मध्ये स्मिथसन यांनी सोमरसेट, डर्बीशर अशा ठिकाणच्या खाणींतले नमुने घेऊन दाखवून दिलं, की एक जस्ताचं कार्बोनेट आहे, दुसरं सिलिकेट, आणि दोन्ही स्वतंत्र खनिजं आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये, फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ ब्युदाँ यांनी त्या कार्बोनेटला ‘स्मिथसोनाइट’ असं नाव दिलं.

अगदी चिमूटभर नमुन्यावर काम करण्यात त्यांचा हात कसलेला होता. सोनाराच्या फुंकणीसारखी नळी, दिव्याची ज्योत आणि राईएवढा कण, एवढ्यावर ते विश्लेषण करत. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष डेव्हीस गिल्बर्ट यांनी त्यांच्या मृत्यूनंतर एक आठवण सांगितली. एका स्त्रीच्या गालावरून ओघळणारा अश्रू स्मिथसन यांनी स्फटिकाच्या भांड्यात टिपायचा प्रयत्न केला. अर्धा निसटला. उरलेल्या अर्ध्या थेंबात त्यांनी क्षार शोधून दाखवले.

एकूण २७ निबंध. त्यांतला १८२३चा एक कॉफीवर आहे. कॉफी उकळताना तिचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो, म्हणून ती बाटलीत घालून, बूच लावून, बाटलीच उकळत्या पाण्यात ठेवावी, असं त्यांनी सुचवलं. वंशलोचन काय, अश्रू काय, कॉफी काय, अभ्यासायला कोणताच विषय हलका नाही, हा त्यांचा स्वभाव या कामातून सरळ दिसतो. पुढे मृत्युपत्रातलं वाक्य वाचताना हा स्वभाव लक्षात असू द्या.

मृत्युपत्रात नेमकं काय लिहिलं होतं?

मृत्युपत्र २३ ऑक्टोबर १८२६चं. सुरुवात घरगुती आहे. जुना नोकर जॉन फिटॉल याला हयातभर वर्षाला १०० पौंड. बाकी मालमत्तेचं उत्पन्न पुतण्या हेन्री जेम्स हंगरफर्ड याला. त्याच्या मागे त्याच्या मुलांना, मग ती ‘औरस असोत वा अनौरस’. हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. ज्या माणसाला जन्माच्या त्या एका शिक्क्यापायी बापाचं नावही मागून घ्यावं लागलं, त्याने आपल्या घरात तो भेद ठेवला नाही. मला संपूर्ण मृत्युपत्रात हे दोन शब्द सर्वांत बोलके वाटतात.

त्यानंतर, पुतण्या निपुत्रिक गेला तर काय, यासाठी ते वाक्य येतं. सगळी संपत्ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना द्यावी, आणि तिच्यातून वॉशिंग्टन इथे, ‘स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशन’ या नावाने, मानवजातीत ज्ञानाची वाढ आणि प्रसार करण्यासाठी एक संस्था स्थापन करावी.

संपलं. कोणतं ज्ञान, कसली संस्था, कोणी चालवायची, एका अक्षराचा खुलासा नाही. स्मिथसन १८२९ मध्ये गेले. पुतण्या १८३५ मध्ये पिसा इथे मरण पावला, लग्नाशिवाय आणि मुलांशिवाय. ‘जर-तर’साठी लिहिलेली ओळ अशी खरी झाली.

पण अमेरिकाच का?

कारण लिहिलेलं नाही. एकही पत्र नाही, टिपण नाही. म्हणून कोणी छातीठोकपणे एकच कारण सांगत असेल, तर जपून ऐका.

काही धागे मात्र आहेत. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजाचा चटका त्यांना बसला होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ मध्ये, पॅरिसहून मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी राजेपद अजून रद्द झालेलं नसलं तरी त्याची निरर्थकता लोकांना रोज पटत चालली आहे, अशा अर्थाचा मजकूर आनंदाने लिहिला आहे. शिवाय स्टाफाच्या त्या सफरीत त्यांच्याबरोबर विल्यम थॉर्नटन नावाचा तरुण होता. हाच थॉर्नटन पुढे अमेरिकेत गेला आणि वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल या संसदेच्या इमारतीचा पहिला आराखडा त्याने केला. राजा नसलेला देश, नुकती वसत असलेली राजधानी, आणि तिथे आपलं नाव. मला यात विसंगत काहीच दिसत नाही.

अमेरिकेने हे पैसे आनंदाने घेतले का?

मुळीच नाही, आणि हा भाग अनेकांना धक्का देतो. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी डिसेंबर १८३५ मध्ये ही बाब काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे ठेवली, कारण असा वारसा स्वीकारायचा अधिकार आपल्याला नाही असं त्यांना वाटत होतं. सिनेटमध्ये दक्षिण कॅरोलायनाचे जॉन कॅल्हून आणि विल्यम प्रेस्टन कडाडून विरोधात उभे राहिले. परक्या माणसाकडून देणगी घेणं राष्ट्राच्या इभ्रतीला शोभत नाही, हा एक मुद्दा. केंद्र सरकारला असं काही करण्याचा अधिकारच नाही, हा दुसरा. आज हा फुटकळ आला, उद्या कोणीही उपटसुंभ पैसे देऊन स्वतःचं नाव अजरामर करायला येईल, हा तिसरा.

बाजू लावून धरली ती माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी. राष्ट्राध्यक्षपद भूषवून झाल्यावर ते साधे प्रतिनिधी म्हणून सभागृहात परतले होते. ज्ञानासाठी आलेला पैसा हा राष्ट्रावर टाकलेला विश्वास आहे, त्याला धक्का लागता कामा नये, हे त्यांनी पुढची दहा वर्षं सोडलं नाही. १ जुलै १८३६ रोजी पैसे मिळवण्याचा कायदा झाला.

ते पैसे अमेरिकेत पोचले कसे?

आधी कोर्टातून. रिचर्ड रश या मुत्सद्द्याला लंडनला पाठवलं गेलं. तिथल्या चॅन्सरी कोर्टात खटले पिढ्यान्‌पिढ्या रखडत, पण मे १८३८ मध्ये, दोन वर्षांच्या आत, रश यांनी निकाल मिळवला.

मग जहाजातून. रश यांनी मालमत्ता विकून तिचं सोनं केलं. १,०४,९६० सोन्याची सॉव्हरिन नाणी, हजार-हजारांच्या पिशव्यांत बांधलेली. एक नाणं आठ ग्रॅमला जरा कमी, म्हणजे सगळं मिळून ८३८ किलोच्या आसपास सोनं. ‘मेडिएटर’ नावाच्या जहाजाने ते ऑगस्ट १८३८च्या अखेरीस न्यूयॉर्कला आलं. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ते वितळवलं गेलं. व्हिक्टोरिया नुकतीच राणी झालेल्या देशाचं नाणं आत गेलं आणि अमेरिकी नाणं होऊन बाहेर आलं. हिशेब झाला ५,०८,३१८ डॉलर ४६ सेंट.

मग ते पैसे बुडाले, हे खरं आहे का?

जवळपास. सरकारी खजिन्याने ही रक्कम राज्यांच्या रोख्यांत गुंतवली, आणि त्यांतला सिंहाचा वाटा एकट्या आर्कान्सा राज्याच्या रोख्यांत. आर्कान्साने व्याज थकवलं. ज्ञानाच्या वाढीसाठी आलेलं सोनं कागदाच्या भेंडोळ्यात अडकलं.

अ‍ॅडम्स संतापले. मृताच्या विश्वासाची परतफेड सरकारने स्वतःच्या खिशातून केली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, आणि शेवटी तसंच झालं. १८४६च्या कायद्यात असं मानलं गेलं, की सगळी रक्कम १ सप्टेंबर १८३८ पासून सरकारलाच ६ टक्के व्याजाने दिलेली आहे. तोवर साठलेलं व्याज २,४२,१२९ डॉलर झालं होतं. इमारत त्या व्याजातून बांधायची आणि मुद्दलाला हात लावायचा नाही, असं ठरलं. संस्था आज उभी आहे त्याचं श्रेय स्मिथसन यांना आहेच, पण या एका तरतुदीलाही आहे.

संस्था कशी असावी, हे ठरायला आठ वर्षं का लागली?

कारण मृत्युपत्रातल्या त्या ओळीत प्रत्येकाला आपली आवडती गोष्ट दिसत होती. कोणी म्हणालं राष्ट्रीय विद्यापीठ काढा. अ‍ॅडम्स यांना खगोलवेधशाळा हवी होती. मॅसेच्युसेट्सचे रुफस चोट मोठ्या ग्रंथालयासाठी अडून बसले. इंडियानाचे रॉबर्ट डेल ओवेन यांना शिक्षक तयार करणारी संस्था हवी होती. शेतकी शाळेचाही प्रस्ताव होता.

राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक यांनी १० ऑगस्ट १८४६ रोजी सही केलेला कायदा म्हणजे तडजोड होती. संग्रहालय, ग्रंथालय, कलादालन, प्रयोगशाळा, व्याख्यानं, थोडं थोडं सगळंच. कारभार रीजंट्सच्या, म्हणजे संस्थेवर देखरेख ठेवणाऱ्यांच्या, मंडळाकडे. मला ही तडजोड कमकुवत वाटत नाही. एखादी एकच गोष्ट ठरली असती, तर नावच तेवढं उरलं असतं.

त्या गोंधळातून दिशा कोणी दिली?

पहिले सचिव जोसेफ हेन्री यांनी. विद्युत्‌चुंबकत्वातले थोर संशोधक, प्रिन्स्टनचे प्राध्यापक. विद्युत प्रवर्तनाचं एकक आज ‘हेन्री’ आहे ते यांच्याच नावावरून.

हेन्री यांनी मृत्युपत्रातले दोन शब्द वेगळे काढले. वाढ म्हणजे आजवर कोणालाच माहीत नसलेलं शोधून काढणं. प्रसार म्हणजे ते लोकांपर्यंत पोचवणं. एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही, आणि दोन्ही कामं अमेरिकेपुरती नाहीत, कारण मृत्युपत्रात ‘मानवजात’ म्हटलं आहे. म्हणून त्यांनी इमारतीवर पैसे उधळायला विरोध केला (इमारत तरीही बांधली गेली, लाल वालुकाश्माची, बुरुजांची, लोक तिला ‘किल्ला’च म्हणतात), आणि संशोधकांना पैसे देऊन त्यांचे ग्रंथ छापायला सुरुवात केली. पहिला खंड १८४८ मध्ये निघाला, मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या प्राचीन मातीच्या टेकाडांवर. तो देशोदेशींच्या ग्रंथालयांना आणि विद्वत्सभांना पाठवला गेला, आणि त्यांच्याकडून बदल्यात त्यांची प्रकाशनं येऊ लागली.

दुसरं काम हवामानाचं. गावोगावचे स्वयंसेवक नोंदी पाठवत आणि तारयंत्राने सकाळचं हवामान वॉशिंग्टनला कळे. १८५०च्या दशकात ‘किल्ल्या’त एक मोठा नकाशा टांगलेला असे. गावांच्या जागी खिळे आणि खिळ्यांवर रंगीत चकत्या, कुठे पाऊस, कुठे ऊन. येणारे-जाणारे थांबून पाहत. वादळ कुठून कुठे सरकतंय हे सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसू लागलं. वाढ आणि प्रसार एकाच भिंतीवर! १८७० मध्ये केंद्र सरकारने हवामानसेवा सुरू केली, तिचा पाया हाच.

ग्रंथपाल चार्ल्स ज्युएट यांच्याशी मात्र हेन्री यांचं बिनसलं. सगळा पैसा पुस्तकांकडे जाईल, ही हेन्री यांना भीती. १८५४ मध्ये त्यांनी ज्युएट यांना काढून टाकलं, आणि १८६६ मध्ये तिथली पुस्तकं काँग्रेसच्या ग्रंथालयात हलवली गेली. हा निर्णय मला अजूनही कठोर वाटतो.

स्मिथसन यांची कागदपत्रं कुठे पाहता येतील?

बहुतेक कुठेच नाही. २४ जानेवारी १८६५, कडाक्याची थंडी. ‘किल्ल्या’च्या वरच्या मजल्यावर काम करणाऱ्यांनी उबेसाठी शेगडी लावली आणि तिची नळी धुराड्याऐवजी भिंतीतल्या पोकळीत खुपसली. धूर आणि ठिणग्या भिंतीत साठत गेल्या, छत पेटलं. स्मिथसन यांच्या रोजनिश्या, टिपणवह्या, हजारो खनिजांचा संग्रह, सगळं गेलं. त्यांच्या ग्रंथसंग्रहातली शंभराहून थोडी अधिक पुस्तकं आज शिल्लक आहेत. ‘अमेरिकाच का’ या प्रश्नाचं उत्तर त्या वह्यांमध्ये होतं का, या विचाराने अजून हुरहुर लागते.

ग्रॅहम बेल यांचा या गोष्टीशी काय संबंध?

टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे संस्थेचे रीजंट होते. स्मिथसन यांना पुरलं होतं त्या जिनोआतल्या दफनभूमीशेजारी दगडाची खाण होती आणि सुरुंग लावत ती कबरींपर्यंत येऊन ठेपली होती. १९०३च्या डिसेंबरात बेल आणि त्यांच्या पत्नी मेबल तिथे गेले, अस्थी बाहेर काढवल्या आणि जहाजाने अमेरिकेला आणल्या. जानेवारी १९०४ मध्ये त्या वॉशिंग्टनला पोचल्या. मृत्यूनंतर ७४ वर्षांनी स्मिथसन पहिल्यांदा अमेरिकेत आले.

स्मिथसोनियन विद्यापीठ आहे का? पदवी मिळते का?

नाही. संशोधन चालतं, शिष्यवृत्त्या आहेत, पण स्वतःची पदवी ती देत नाही.

सरकारी आहे की खासगी?

दोन्हींच्या मधली. सरकार हे स्मिथसन यांच्या मालमत्तेचं विश्वस्त आहे. निम्म्याहून जास्त खर्च केंद्र सरकार देतं, उरलेला देणग्या, निधी आणि स्वतःच्या उत्पन्नातून येतो. देशाचे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्राध्यक्ष रीजंट मंडळावर असतात.

आज तिचा पसारा केवढा? तिकीट असतं का?

२१ संग्रहालयं आणि एक प्राणिसंग्रहालय. संग्रहात १५ कोटींहून जास्त वस्तू आणि नमुने. पनामात उष्णकटिबंधीय जीवसृष्टीचं संशोधन केंद्र, मॅसेच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये खगोलभौतिकी वेधशाळा. वॉशिंग्टनमधल्या संग्रहालयांना प्रवेशशुल्क नाही. न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट या संग्रहालयाला तिकीट लागतं. २०२० पासून लाखो चित्रं आणि त्रिमितीय नमुने इंटरनेटवर विनामूल्य, हवे तसे वापरायला खुले आहेत.

त्यांची समाधी पाहायला गेलं तर काय दिसेल?

‘किल्ल्या’च्या उत्तर दाराशी छोटं दालन आहे. तिथे जिनोआहून आणलेलं संगमरवरी स्मारक आहे आणि त्याखाली अस्थी. १९७३ मध्ये संस्थेच्याच मानववंशशास्त्रज्ञांनी त्या अस्थी तपासल्या. दातांच्या झिजेवरून कळलं, की ते पाइप ओढत असत. जन्मभर राईएवढ्या कणांवरून निष्कर्ष काढणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला कळलेली ही गोष्टही तशीच, एका दाताच्या खाचेतून. दगडावर कोरलेलं वय मात्र वाचून सोडून द्या. तिथे ७५ लिहिलं आहे, ते गेले तेव्हा चौसष्टच्या आसपास होते.